आवाजाची पडताळणी

ऐश्वर्या पाईकरावच्या कामाला नाव मोठं झोकदार होतं. विमा माहिती पडताळणी सहायक. घरी आईला समजावताना मात्र ती एवढंच म्हणायची, "लोकांना फोन करून विचारायचं, तुमचं नाव तुमचंच आहे का." त्यावर पद्माबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आणि त्याचा पगार देतात?"

देत होते. हिंगोलीत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, खाली हळदीचं गोदाम आणि वर आठ कॉम्प्युटरांची खोली, असं ते ऑफिस होतं. कुठल्याशा मोठ्या विमा कंपनीनं हे काम एका एजन्सीला दिलं होतं, त्या एजन्सीनं दुसरीला, आणि दुसरीनं या आठ मुलींना. आयुर्विमा घेतलेल्या माणसाला फोन लावायचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, वारसाचं नाव यादीशी ताडून बघायचं. शेवटी तब्येतीची चौकशी करायची आणि हिरव्या चौकोनात टिक मारायची. बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायचं. दिवसाला साठ फोन ठरलेले. साठाच्या खाली आलात की संध्याकाळी प्रियदर्शनी मॅडम खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायच्या. त्या या ऑफिसच्या प्रमुख. रागवायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या, आणि तेच मुलींना जास्त जड जायचं.

जानेवारीत एक वेगळी यादी आली. कॉम्प्युटरनं संशय घेऊन काढलेली. एकच मोबाइल नंबर आणि पॉलिस्या मात्र अनेक. तिच्यात हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पलीकडचा एक तांडा होता. एकतीस माणसं, एकतीस पॉलिस्या, नंबर एकच. मुंबईत बसून बघणाऱ्याला हा दरोडाच वाटला असणार. तांड्यात उभं राहून बघितलं तर याच्याइतकी शहाणपणाची व्यवस्था दुसरी नव्हती. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा तो गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचा. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. तोडीवर गेलेल्यांचे नंबर रिचार्ज संपला की बदलायचे. बारा वर्षं न बदललेला नंबर एकाचाच, बाबूसिंग आडेंचा. सगळ्यांची कागदपत्रंही त्यांच्याच पत्र्याच्या पेटीत असायची. तेव्हा रामप्रसाद एजंटानं सगळ्या फॉर्मवर त्यांचाच नंबर लिहिला, आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

नियम असा होता की प्रत्येक विमाधारकाशी स्वतः बोलायचं आणि त्याचा स्वतःचा नंबर घ्यायचा. ऐश्वर्यानं नऊ जानेवारीला पहिला फोन लावला.

"बाबूसिंग आडे का?"

"व्हय. बोला."

"मला फुलसिंग राठोड यांच्याशी बोलायचंय. विम्याच्या पडताळणीसाठी."

"थांबा की मॅडम, बोलावतो." फोन जरा लांब गेला आणि हाक ऐकू आली, "ए फुलसिंगऽ! मॅडमचा फोन हाय रे!" पावलं वाजली नाहीत. कोंबडी तेवढी ओरडली. मग तोच आवाज जरासा नाकात चढून परत आला, "हां, मी फुलसिंग."

ऐश्वर्यानं ओठ दाबून हसू आवरलं. जन्मतारीख विचारली. एक जून. पुढच्याची विचारली. एक जून. त्याच्या पुढच्याचीही एक जून. तांड्यातल्या शाळेत कधीकाळच्या गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं, आणि यादीतही तेच असल्यामुळे माहिती अगदी तंतोतंत जुळत होती. दहाव्या फोनला म्हाताऱ्यानं हाक मारायचं नाटकही सोडलं. "कोण पाहिजे? सखाराम? हां, मी सखाराम." मधेच विचारायचा, "जेवलीस का पोरी?" आणि तिनं जेवले म्हटलं की पुन्हा कुणीतरी व्हायचा.

तिनं थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. बाहेरगावी गेलेली एकतीस माणसं शोधत बसली असती तर आठवडाभर साठाचा आकडा दिसला नसता. शिवाय घरी आईच्या नावानं बँकेचा फोन आला की "हो, मी पद्माबाई बोलते" असं तीच सांगायची. आईला फोनवर बोलायची धास्ती. त्यात कुणाचं काय वाईट झालं होतं? पहिल्या दिवशी बावीस झाले. उरलेले नऊ दुसऱ्या दिवशी घेतले. दहा जानेवारी, सकाळी दहा चाळीसला तेविसावं नाव होतं, प्रेमदास बाबूसिंग आडे.

या वेळी म्हाताऱ्यानं आवाज बदलला नाही, नाकात तर मुळीच नाही. पोटच्या पोराचं नाव घेताना माणूस जसा जरा ताठ होतो तसा तो बोलला. "मी प्रेमदास बाबूसिंग आडे बोलतो."

"वारसाचं नाव?"

"निलम. माझी घरवाली."

"तब्येत ठीक आहे ना?"

"ठणठणीत हाय मॅडम! मला काय धाड भरली?" आणि तो खळखळून हसला. ऐश्वर्याही हसली. तिनं टिक मारली आणि चोविसावं नाव घेतलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रियदर्शनी मॅडमनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं आणि हेडफोन पुढं केला. ऐश्वर्यानं ऐकलं. शेवटी आपलंच हसू ऐकून तिला कसंसंच झालं.

"हा प्रेमदास मेलाय," मॅडम म्हणाल्या. "बायकोनं दावा केलाय. आता नीट ऐक. याचा हप्ता दहा डिसेंबरचा होता, तो भरायचा राहिला. वर तीस दिवसांची सवलत असते. ती नऊ जानेवारीला संपली. घरचे म्हणतात, नऊ तारखेला दुपारी गेला, लांब कुठंतरी उसाच्या फडात. तसं असेल तर विमा चालू होता, बायकोला सगळं मिळतं. पण मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीनं तीन आठवड्यांनी, घरच्यांच्या सांगण्यावरून दिलेला. दवाखान्याचा कागद नाही. आणि दहा तारखेला सकाळी हा तुझ्याशी हसतोय. म्हणजे सवलत संपल्यावर मेला. कंपनी म्हणते, तारीख खोटी आहे."

"आपल्याकडून एवढंच हवंय," मॅडमनी एक छापील कागद सरकवला, "की आवाज प्रेमदासचाच आहे, असं घरच्या कुणाकडून तरी लिहून आणायचं. अंगठा घेतलास तरी चालेल. मग फाइल बंद."

गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. हे तिला त्या क्षणीही स्वच्छ दिसत होतं.

"मॅडम, तो आवाज प्रेमदासचा नाहीये. त्याच्या वडलांचा आहे."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. सगळे एकतीस फोन त्यांनीच घेतले. मला पहिल्याच फोनला कळलं होतं."

प्रियदर्शनी मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बाकीचे तीस मी परत करून घेईन," त्या म्हणाल्या. "या एकाचं मात्र आता झाकता येत नाही. कंपनी तुझ्या तोंडाच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. आवाज जुळवायचं ॲप आलंय नवीन, रेकॉर्डिंगसकट तुझ्या फोनवर टाकून देते. त्या म्हाताऱ्याकडून तेच वाक्य, तसंच, पुन्हा बोलवून घे. जुळणी ऐंशीच्या वर आली तर आवाज त्याचा ठरेल, जानेवारीची पडताळणी रद्द होईल आणि त्या बाईचा दावा उभा राहील. पडताळणी रद्द झाली की ती करणारीलाही ठेवत नाहीत. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ऐश्वर्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जीपनं गोरेगावला उतरली आणि तिथून रिक्षा करून तांड्यावर गेली. ऊन मी म्हणत होतं. ऊसतोडीची माणसं परत आली होती आणि हळदीच्या कामाला लागली होती. निलम आडेचं घर विचारल्यावर एका बाईनं खळ्याकडं बोट केलं. तिथून निलम आली ती लगबगीनं, कोपरापर्यंत पिवळे झालेले हात पुसत. तिशीची असेल नसेल. विम्याच्या ऑफिसातून आलेय म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती बघून ऐश्वर्याला खाली बघावं लागलं.

"मंजूर झालं का ताई?"

"नाही अजून. थोडी चौकशी राहिलीय."

निलमनं घरात नेऊन पाणी दिलं. दोन पोरी शाळेत गेल्या होत्या. भिंतीवर प्रेमदासचा फोटो होता, हार घातलेला, फोटोतला माणूस मोटारसायकलीवर बसलेला. ऐश्वर्यानं विचारलं, नऊ तारखेला काय झालं.

"मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाकडं निघाला अन् मधीच खाली बसला," निलम म्हणाली. तिनं हे इतक्यांदा सांगितलं असावं की शब्द आता आपोआप येत होते. "मला वाटलं, दम खाऊन राहिला. मी तवर माझी मोळी बांधली. त्याच्याकडं आली तर तोंडातून फेस. दवाखान्यात न्हेईस्तोवर खेळ आटपला व्हता. डॉक्टर म्हणला, आता इथं काय ठेवता, गावाकडं न्या. कागद न्हाई, काई न्हाई. मुकादमाचा टेम्पो भेटेस्तोवर रात झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावर आलो."

"आणि बाबांना कधी कळवलं?"

"मामांला?" सासऱ्यांना ती मामा म्हणत होती. "न्हाई कळवलं. त्यांच्या काळजाला मागल्या साली झटका येऊन गेला. सासूबाईबी न्हाईत आता. म्या शेजारच्या रूपाबाईला फोन केला. तांड्यात समद्यांला कळलं, पण मामांला सांगायचं न्हाई ठरलं. आमच्यात तसंच करतेत ताई. बाहीर गेलेलं माणूस मेलं तर गाडी दारात येईस्तोवर त्याच्या माय-बापाला कोणी बोलत न्हाई. तेवढीच एक सकाळ त्यांला मिळती."

ऐश्वर्यानं हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे दहा तारखेच्या सकाळी..."

"सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर बसवून ठेवलं व्हतं. ऊन खात बसा म्हणून. सरणाची लाकडं मागल्या वाटेनं न्हेली, दिसू न्हाई म्हणून. रूपाबाई सांगत व्हती, बरं झालं, कोण्या हापिसातल्या पोरीचे फोनावर फोन येऊन राहिले व्हते, म्हाताऱ्याचं ध्यान तिकडंच लागलं. हसत बसला व्हता."

आपण त्या सकाळी साठाचा आकडा पुरा करत होतो, आणि अख्खा तांडा श्वास धरून त्या हसण्याकडं बघत होता. ऐश्वर्याला हे सहन होईना. तिला उठून सरळ रिक्षात जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात दारात बाबूसिंग उभे राहिले. फोनवरच्या आवाजावरून तिनं चांगला उंचापुरा माणूस मनात धरला होता. हे म्हातारे काठीला धरून आले आणि उंबऱ्यावरच बसले. अंगात सदरा मोठा झाला होता.

"कोण हाय गं?"

"विम्याच्या ताई हायत, मामा."

"नमस्कार बाबा," ऐश्वर्या म्हणाली.

तेवढ्यावर त्यांनी ओळखलं. "तू फोनवाली पोरगी न्हाई का? जेवली म्हणून सांगायची ती?" ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "आता मी फोन धरत न्हाई पोरी. कोणाचाच न्हाई."

तिनं वाटेत जीपमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. बाबा, घाबरू नका. हा आवाज तुमचाच आहे ना, एवढंच सांगा. पण ऐनवेळी तिनं आधी रेकॉर्डिंगच लावलं. आवाज मोठा करून फोन त्यांच्या कानाशी धरला.

मी प्रेमदास बाबूसिंग आडे बोलतो.

म्हाताऱ्यानं झटकन हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. काठी गळून पडली. ठणठणीत हाय मॅडम, मला काय धाड भरली. हसणं आलं आणि संपलं. तरी हात तसाच वर होता.

"प्रेमदास," ते म्हणाले. "निलम, ऐक गं. माझा प्रेमदास हाय ह्याच्यात. काय म्हणतो बघ. मला काय धाड भरली! असाच बोलायचा तो, न्हाई का? असाच हसायचा. लाव पोरी, अजून एक डाव लाव."

ऐश्वर्याला ट्रेनिंगचा पहिला दिवस आठवला. तिचंच रेकॉर्डिंग तिला ऐकवलं होतं आणि तिनं विचारलं होतं, ही कोण मुलगी? आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येतो? या माणसानं तर सत्तर वर्षांत एकदाही ऐकला नसेल. आणि लेकाचा आवाज बापावर गेलेला असणार, त्यात नवल ते काय.

तिनं दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. निलम दाराला टेकून उभी होती. तिला पहिल्या शब्दालाच कळलं होतं की हा नवऱ्याचा आवाज नाही. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ती म्हाताऱ्याकडं बघत होती आणि बोलत नव्हती.

"ह्यो आवाज मला ठिवून घेता येईल का?" बाबूसिंगांनी विचारलं. "रोज न्हाई म्हणत. आठ दिवसातून एक डाव ऐकीन."

ऐश्वर्याच्या पर्समध्ये तो छापील कागद होता. वरील आवाज विमाधारकाचाच आहे. खाली अंगठ्याची जागा. म्हाताऱ्यानं आता आनंदानं अंगठा दिला असता. आवाज त्यांच्याकडं राहिला असता, नोकरी तिच्याकडं राहिली असती. खोटं कशाला सांगायचं, तो विचार तिच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर बसून राहिला. पण समोर निलमचे पिवळे हात होते.

ती निलमला घेऊन घराच्या मागं गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. नऊ आणि दहा तारखेतला फरक. बाबांचा आवाज ठरला तर दावा टिकतो, प्रेमदासचा ठरला तर बुडतो. तिनं स्वतः ओळखून टिक मारली होती, हेही सांगितलं.

"तुमाला ठावं व्हतं?" निलमनं विचारलं.

"हो."

"अन् तरी काहून केलं?"

"दिवसाचे साठ फोन पुरे करायचे होते." निलमला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही.

"तीन महिन्यांत आज पहिल्यांदा धड बोलले मामा," ती म्हणाली. "चहाचा कपबी तोंडाला लावत न्हाईत कधीकधी. आता मी जाऊन सांगू त्यांला, की ह्यो तुमचा लेक न्हाई?" मग जरा वेळानं, "दोन पोरी हायत ताई मला. दरसाली त्यांला फडात न्हेऊ का? मोठी तर आताच मोळ्या बांधाया शिकली."

ती परत गेली आणि सासऱ्यांच्या समोर खाली बसली. ऐश्वर्याला वाटलं होतं ती आडवळणानं सुरुवात करेल. तिनं तसं केलं नाही.

"मामा, तो आवाज तुमचा हाय."

"माझा?"

"तुमी समद्यांचे फोन घेत व्हते का न्हाई? त्याचाबी घेतला."

"घेतला असंल. मंग? तो फडात व्हता, मी घेतला. त्याच्यात काय?"

"त्या दिवशी घेतला, मामा. तुमी देवळापाशी बसले व्हते त्या दिवशी. सकाळी."

बाबूसिंगांना समजायला वेळ लागला. मग ते सावकाश देवळाकडं वळले आणि तिथून त्या वाटेकडं, जिथून टेम्पो आला होता.

"तवा तो..."

"टेम्पोत व्हता."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "म्हंजी तो तिकडून येऊन राहिला व्हता," ते म्हणाले, "अन् मी त्याच्या नावानं हसत व्हतो?"

"तुमाला कोणी सांगितलं न्हवतं, मामा."

"बाबा, चूक माझी आहे," ऐश्वर्या म्हणाली. "मला माहीत होतं तुम्ही बोलताय. मीच थांबवायला पाहिजे होतं." त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. निलमनं मात्र त्यांना सगळं सांगितलं, तारखा, ॲप, पोरींचं पुढचं. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मंग आता काय करावं लागंल?"

"तेच वाक्य पुन्हा बोलायचं, बाबा. या फोनात. तसंच्या तसं."

"त्याच्याच नावानं?"

"हो."

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. "मी प्रेमदास बाबूसिंग आडे बोलतो," ते म्हणाले आणि थांबले. पुढचे शब्द कसेबसे आले. ॲपनं हिशेब केला आणि आकडा दाखवला. अडतीस. दुसऱ्या वेळी एक्केचाळीस. तिसऱ्या वेळी 'ठणठणीत' म्हणताना त्यांना रडू फुटलं आणि ॲपनं लिहिलं, आवाज अस्पष्ट, पुन्हा प्रयत्न करा. यंत्राला आवाज तोच वाटत नव्हता, आणि खरं बघितलं तर त्याचं चुकत नव्हतं. जानेवारीत बोलला तो माणूस आता तिथं नव्हताच.

"राहू द्या बाबा," ऐश्वर्या म्हणाली. "मी लिहून देते, जमलं नाही म्हणून. बघू काय होतं ते."

"काय व्हतं?" निलमनं ताडकन विचारलं.

बाबूसिंगांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मला त्यो पैलाच लाव," ते म्हणाले. "शिकून घेतो."

मग ते शिकायला बसले. भजनाची चाल धरावी तसं एकेक तुकडा ऐकायचे आणि म्हणून बघायचे. "इथं वर चढलो," ते म्हणायचे. "इथं जोर हाय. इथं हसलो." निलम समोर बसून सांगत होती, "अजून मोठ्यानं मामा. अजून हसा." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हळदीच्या हातानं ती ते पुसत नव्हती. पाचव्या वेळी चोपन्न आले. सहाव्या वेळी त्रेसष्ट. सातव्या वेळी एकाहत्तर. दारात दोनतीन बाया येऊन उभ्या राहिल्या, काय चाललंय ते त्यांना कळेना, आणि कुणी विचारलंही नाही.

आठव्या वेळी म्हातारे पाठ सरळ करून बसले. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं नाही, निलमकडंही नाही. डोळे मिटले.

"मी प्रेमदास बाबूसिंग आडे बोलतो. ठणठणीत हाय मॅडम! मला काय धाड भरली?"

आणि ते हसले. खळखळून, पोटातून, जानेवारीतल्या त्या सकाळसारखे. दारातल्या बाया दचकून मागं सरल्या. हसणं पार शेवटपर्यंत आलं, जिथं थांबायला हवं तिथं थांबलं.

शहाऐंशी.

ऐश्वर्यानं फॉर्म भरला. आवाज बाबूसिंग आडे यांचा. जानेवारीची पडताळणी चुकीची. चूक करणाऱ्याचं नाव या रकान्यात तिनं स्वतःचं पूर्ण नाव टाकलं आणि पाठवायचं बटण दाबलं. नेटवर्क कमी होतं. पडद्यावरचा गोल फिरत राहिला आणि मग फॉर्म गेला.

"जुळलं, बाबा," ती म्हणाली. "झालं आता."

बाबूसिंगांचे डोळे अजून मिटलेलेच होते. फोन त्यांनी तोंडाशी तसाच धरला होता. "अजून एक डाव म्हणू का, पोरी?" त्यांनी विचारलं. "आता जमून राहिलंय मला."